पाचापैकी पाच

३ डिसेंबर २०१५

आक्का, तुझा गुडघा कसा आहे? उजवा जास्त दुखतो का डावा? लेकाचा, मुंजाबाचा, खोकला हटला का? त्याला म्हणावं, मेंढरांमागं फिरताना कानाला फडकं बांधत जा. आवडाबाईला आता कितवा महिना लागला? सुनेला जड उचलू देऊ नकोस, हंडा तर मुळीच नको. तुझ्या नातीचे, सृष्टीचे, पुढचे दोन दात पडले होते, ते आले का? आणि तुझी चांदी शेळी चारा खाते ना धड?

इकडं आम्ही सुखरूप. पोरगा शिवशंकर वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जातो, सून ज्ञानेश्वरी घर सांभाळते. मुकुंदवाडीत नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. पाणी येतं त्या दिवशी सुनेचा चेहरा दिवाळीसारखा असतो.

आक्का, हे तुला पोचणार नाही. पस्तीस वर्षं महिन्याला दोन कार्डं टाकली. टपालवाल्या सांडूभाऊनं ओसरीवर बसून तुला वाचून दाखवली आणि तुझा जबाबही त्यानंच लिहून धाडला. मग मुंजाबानं बटणांचा फोन घेतला आणि कार्डं बंद पडली. आता तू दोन मिनिटं बोलतेस, "बरं हाय, ठेव" म्हणतेस, झालं. माझा हात मात्र शिवशिवत राहतो. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, खांबावर चढता चढता डब्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकलो आणि लिहायला शिकलो ते तुला कार्डं लिहून. म्हणून आज ही डायरी घेऊन बसलो तरी आधी तुमची खुशाली विचारल्याशिवाय पेन पुढं सरकेना.

डायरी घ्यायचं कारण असं, की मला सहासष्टाव्या वर्षी नोकरी लागली आहे! क्रांती चौकाजवळ पुंडलिकशेठचं मोबाइलचं ऑफिस आहे. 'सोबती' नावाचा फोन आपल्या सगळ्या भागात तेच पुरवतात. ज्यांनी फोन घेतला त्यांना फोन लावून विचारायचं, समाधान आहे का. पाचापैकी किती आकडे देता? पाच म्हणजे लई चांगलं, एक म्हणजे वाईट. आकडा कागदावर भरायचा. शेठ म्हणाले, "बाबा, पोरींना खेड्यातली माणसं धड बोलत नाहीत, ठेवून देतात. तुमचा आवाज घरातल्या माणसासारखा आहे."

मला भरून आलं. इतकी वर्षं तारा ओढल्या, पण त्या तारांतून बोलायचं काम पहिल्यांदा मिळालं.


९ डिसेंबर

पहिले पाच दिवस माझ्या जिवाला घोर. टेबलावर छापील कागद असतो, तो वाचायचा. "नमस्कार, मी सोबती ग्राहक सेवेतून बोलतो, आपला अनुभव कसा आहे." पलीकडून नुसतं हूं. एकानं विचारलं, "काय विकायलाय?" दुसऱ्यानं बापाचा उद्धार केला.

आज कागद बाजूला सारला. कन्नडकडचा नंबर होता, कडूबाई नावाची बाई. म्हटलं, "कडूबाई, रामकिसन बोलतो, औरंगाबादहून. घरची मंडळी बरी आहेत का? मालक? लेकरं? म्हैस दूध देते का अजून?" मग जी बाई सुटली! मालक ऊसतोडीला गेले, म्हैस विकली, थोरलीचं लगीन लांबलं. दहा मिनिटं झाल्यावर मी हळूच विचारलं, "फोनबद्दल काय म्हणता? पाचापैकी किती?" बाई म्हणाली, "आता तुमच्यासारख्या माणसाला कमी कसं सांगू बाबा? पाची बोटं घ्या!"

सापडली किल्ली.


२१ डिसेंबर

माझ्या कागदावर सगळे पाच. फक्त एक चार आहे आणि तोही मास्तराचा, मास्तर लोकांना पैकीच्या पैकी देणं जमत नाही.

शेजारच्या टेबलावर अरफा बसते. रोशन गेटची पोर, कॉलेज करून येते. तिच्या कागदावर दोन, तीन, एखादा एक. शेठनं सगळ्यांसमोर तिचा कागद उचलला. "अरफा, तू गिऱ्हाइकाला काय विचारतेस? दुखतंय का म्हणून? बाबांकडून शीक."

ती पुढचा नंबर फिरवायला लागली. चहाच्या वेळी मला म्हणाली, "चचा, तुम्ही आधी म्हैस विचारता, मग फोन विचारता. मग कोण बोलेल खराब?"

"अगं, माणुसकी म्हणून विचारतो."

"हौ चचा, म्हणून तर."

पोर हुशार आहे, पण जरा फटकळ. मी तिला माझ्या डब्यातली शेंगाची चटणी दिली.

एक कबूल करून टाकतो. आज एकजण तीन म्हणाला होता. मी म्हटलं, "तीन म्हणजे काठावर पास वाटतं हो, काही चुकलं का आमचं?" तो ओशाळला आणि पाच म्हणाला. ओढून घेतल्यासारखं वाटलं का? वाटलं थोडं.


१५ जानेवारी २०१६, संक्रांत

तिळगूळ घ्या.

लोक काय काय बोलतात! कागदावर आकड्यापुरतीच चौकट आहे, बोलणं लिहायला जागाच नाही. एवढी गोड बोलणी वाया जावीत हे बरं नाही, म्हणून इथं उतरवतो.

पैठणकडचा एक म्हातारा म्हणाला, "थंडीत छातीशी धरून निजतो, ऊनऊन लागतं, कुत्र्याच्या पिल्लासारखं." सिल्लोडचा दुकानदार म्हणाला, "तव्यावरून आत्ता काढलेल्या भाकरीसारखा होतो, चार्जिंगला लावला की." वैजापूरची एक मावशी त्याच्यावर ओले पायमोजे वाळवते. कडूबाईला परत लावला होता, ती उशीखाली ठेवते, "कानाला शेक लागतो, ठणका थांबला बघा." आणि सगळ्यांचे पाच.

आज सगळ्यांत जास्त पाच आणले म्हणून शेठनं मला नवा सोबती फोन बक्षीस दिला. टाळ्या झाल्या. फोन मी आक्काला पाठवणार आहे. मुंजाबा मेंढरं घेऊन पंधरा दिवसांत खानदेशात उतरतोय, इकडं चारा राहिला नाही. तो गेला की बटणांचा फोन त्याच्याबरोबर जाणार, घरात आक्का, दिवस गेलेली सून आणि सहा वर्षांची नात. आपला आवाज तरी तिथं असावा.


२ फेब्रुवारी

नळ सातव्या दिवशी. शिवशंकर जाऊन फोन देऊन आला, त्यानंच चालवायला शिकवला. आक्का बोलली: "रामा, लई छान हाय. सृष्टी गाणी लावती." मी सवयीनं विचारलं, "पाचापैकी किती?" म्हणाली, "पाच दे. माझ्या भावाचा हाय, धा दिले आसते."


१९ फेब्रुवारी

आज ऑफिसात पेढे. शेठनं भिंतीवर रंगीत चित्र लावलं आणि समजावून सांगितलं. या भागात शंभर जणांच्या खिशात शंभर फोन असले, तर पाऊस गेला तेव्हा त्यात आपले अकरा होते. आता एकोणीस. याला बाजारातला वाटा म्हणतात.

मी विचारलं, "शेठ, दुष्काळात लोकांकडं पाण्याला पैसे नाहीत, फोन कसे घेतात?"

शेठ हसले. "बाबा, पाऊस चांगला झाला की माणूस घरात असतो, हाक मारली की झालं. दुष्काळात नवरा ऊसतोडीला, पोरगा वाळूजला, म्हातारी गावात. घर फुटलं की फोन लागतो."

बरोबरच आहे. आमच्या आक्काचंच बघा ना. तरी ते पेढा खाताना ऐकलं म्हणून की काय, उरलेला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दुसरी बातमी अशी की कंपनीनं आपल्या भागावर खूश होऊन जादा माल पाठवला. दुपारी खोकी उतरवायला मीही हात लावला. नव्या कोऱ्या खोक्यांवर एकावर एक दोन चिठ्ठ्या होत्या. वरची नखानं उचकटली तर खाली कुठल्या तरी लांबच्या राज्याचा पत्ता निघाला, लिपी वाचता आली नाही. शेठला विचारलं. म्हणाले, "तिकडं खपला नाही, इकडं खपतो. समाधान ज्याचं, माल त्याचा."

आम्हा लोकांना समाधानी म्हणून कोणी निवडलं, हे पहिल्यांदाच घडत असेल.


८ मार्च

खाली दुरुस्तीच्या खिडकीवर तौफिक बसतो. हात सोन्याचा आहे पोराचा. आज त्याच्याकडं चहा घ्यायला गेलो तर टेबलाखाली वाळूची बादली आणि वाळूत खुपसलेल्या चपट्या बॅटऱ्या. एकेक फुगून उशीसारखी झालेली. मी एक उचलायला गेलो तर त्यानं माझं मनगटच धरलं.

"चचा, इसकू हात नक्को लगाव!"

"का रे, विंचू आहे का?"

"विंचू परवडला. तो एकदाच डसतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "नया माल जबसे आया, दिवसाला आठ-दहा येतायत. मी वरती लिहून देतो, वरून जबाब येतो: तुमच्या भागात तक्रार नाही, समाधान पाचापैकी चार पूर्णांक आठ आहे. चचा, हे चार पूर्णांक आठ कुठून येतं?"

चहा संपवून वर आलो. जिना चढताना दम लागला, तो वयामुळं.

मग स्वतःला समजावलं, की दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला सगळं जग आजारीच दिसणार. तौफिककडं बिघडलेलेच फोन येतात, माझ्याशी चांगले बोलतात.


२६ मार्च

होळीनंतर तिसऱ्या दिवशी आक्काला फोन लावला. मुंजाबा अजून खानदेशातच. आवडाबाईचे दिवस भरत आलेत. आक्का लई हसत होती.

"रामा, तुझा फोन गाभण हाय रे!"

"काय?"

"पाठ फुगलीय त्याची, आपल्या चांदीवानी. झाकण बसतच नाय. सृष्टी म्हनती, आजी, आता बारका फोन व्हनार."

ऑफिसात ही गंमत सांगितली तर सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. अरफा हसली नाही. तिनं विचारलं, "चचा, आजीला दुसरा काही त्रास नाही ना फोनचा?"

मी आक्काला परत लावून विचारलं. म्हणाली, "काय नाय. बरं हाय. झाकन दोऱ्यानं बांधलंय."

सहज म्हणून चाऱ्याचं विचारलं. म्हणाली, "कडबा आनलाय शंभर पेंढी, सोन्याच्या भावानं. भायेर ठेवला तर रातीतून वढून नेत्यात, म्हनून आतल्या खोलीत रचलाय, पार आढ्यापतूर. आमी त्याच्यासंगंच निजतो."

चांगलं केलं. आक्का पहिल्यापासून जपणूक करणारी. घरात फोन चार्जिंगला लावायला एकच बटण आहे, तेही आतल्याच खोलीत, म्हणजे चोरापासून फोनही सुरक्षित.


८ एप्रिल, पाडवा

गुढी ज्ञानेश्वरीनं उभारली. मी खाटेवर. परवा टँकरच्या गर्दीत पाय घसरून उजवा घोटा मोडला, सहा आठवडे प्लॅस्टर. शेठनं माणूस पाठवून टेबलावरचा फोन आणि कागद घरी पोचवले. "बाबा, तुम्ही झोपून बोला, पण बोला." किती जीव लावतात.

वरचं एवढं लिहून थांबलो होतो. मनात एक खडा आहे तो टाकतो. तौफिकला काढलं म्हणे. खिडकी बंद, बादलीही गेली.


१७ एप्रिल

अरफा घरी आली. उन्हातून दोन रिक्षा बदलून. ज्ञानेश्वरीनं पाणी दिलं ते तिनं नुसतं हातात धरलं.

"चचा, ती कन्नडची कडूबाई आठवते?"

"आठवते की! कशी आहे? मालक आले का ऊसतोडीहून?"

"घाटी दवाखान्यात आहे. उशीखाली फोन पेटला. एक कान गेला, हात गेला इथपर्यंत." तिनं स्वतःचा हात कोपरापर्यंत दाखवला.

मी म्हणालो, "पण तिचे पाच होते."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले. लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.

अरफा म्हणाली, "चचा, मी ऑफिसात तुमचे कागद पाहिले. नुसते पाच. तक्रार काढायची म्हटली तर एक ओळ नाही कुठं. तुम्हाला कोणी काही बोललंच नव्हतं का?"

मी उशाची ही डायरी काढून तिच्या हातात दिली. ती वाचत गेली. कुत्र्याचं पिल्लू, तव्यावरची भाकरी, पायमोजे, कानाचा शेक. जानेवारीनंतर ऐकलेली बोलणी मी मागच्या पानांवर तारीख आणि गाव टाकून नुसती टिपत गेलो होतो, तीही वाचली. वाचता वाचता ती बोटांवर मोजायला लागली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "एक्केचाळीस लोकांनी सांगितलं तुम्हाला, चचा."

सांगितलं होतं. फक्त ते मला हसवत सांगत होते, कारण मी आधी त्यांच्या म्हशीची खुशाली विचारली होती. घरच्या माणसासमोर कोणी गाऱ्हाणं मांडत नाही, जेवायला वाढलेलं खारट असलं तरी चांगलं झालंय म्हणतात. मी एक्केचाळीस घरी जाऊन खारट खाल्लं आणि चांगलं झालंय असं लिहून दिलं.

अरफा पानांचे फोटो काढून घेऊन गेली. ग्राहक मंचात देणार आहे. मी म्हटलं, माझं नाव गाळू नकोस.

ती जिना उतरली आणि मला बेचाळिसावी आठवली, ती मी गंमत म्हणून लिहिली होती म्हणून अरफानं मोजली नव्हती. गाभण फोन. आतल्या खोलीतला कडबा.


१८ एप्रिल

आक्काचा फोन सकाळपासून लागत नव्हता. दुपारी दोनला लागला.

"आक्का, ऐक. तो फोन..."

"रामा! पाय कसा हाय? प्लास्टर खाजतं का?"

"पाय राहू दे. फोनमधली बॅटरी काढ आणि बाहेर मातीत ठेव, घरापासून लांब."

"बरं."

"आत्ता काढ, मी थांबतो."

"आत्ता? आरं, दोन दिसानं लाइट आलीय, आत्ताच लावलाय. सृष्टीचं गानं चालूय. तेवढा भरू दे, मग काढते."

"आक्का, तो पेटतो! एक बाई भाजली आहे. तो कडब्यापासून..."

"बरं बरं. तू जिवाला लावून घिऊ नगं. आमी समदे बरे हाऊत. आवडाबाईला सकाळधरनं जरा कळा..."

आणि तुटला. परत लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद.

आमची वाडी फर्दापूरच्या अलीकडं, वीस घरांची. पाच घरं कुलूप लावून वाळूजला आली आहेत. उरलेल्या पंधरांत मीच बोलून बोलून सोबती खपवला. त्या एकेकाला फोन लावला. या खेपेला कोणाची म्हैस विचारली नाही, कोणाचं लेकरू विचारलं नाही. "बॅटरी काढा, बाहेर ठेवा, आत्ता." लोक घाबरले, रागावले. एकजण म्हणाला, "काका, तुमीच तर चांगला हाय म्हनला होता." ज्यांचे लागले त्यांना आधी म्हटलं की धावत जाऊन आक्काचं घर बघा, मग तुमचा फोन बंद करा. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन बंद केले असावेत. शेवटच्या घरापर्यंत पोचलो तोवर सगळी वाडी बंद.

बंद आहे म्हणजे ऐकलं असेल. आक्कानंही काढली असेल, म्हणूनच बंद आहे. बॅटरी काढल्यावर फोन बंदच होणार ना? मीच तर सांगितलं काढायला.

सहा वाजता घरातला शिवशंकरचा फोनही उघडला, तोही सोबतीच. पाठ फुगायला लागली होती. बॅटरी कुंडीतल्या मातीत पुरली.


१९ एप्रिल

सकाळी पुंडलिकशेठ आले, हातात सफरचंदं. माझ्या पायाची चौकशी केली, ज्ञानेश्वरीची, शिवशंकरच्या शिफ्टची. एकेक करून सगळ्यांची. मी ऐकत राहिलो. दुसऱ्याच्या तोंडून ते असं ऐकू येतं तर.

मग म्हणाले, "बाबा, तुम्ही काल खेड्यात फोन करून लोकांना घाबरवलंत म्हणे."

"शेठ, फोन पेटतात."

"लाखात एखादा. चुलीनं भाजत नाही का माणूस?" ते खाटेच्या कडेवर बसले. "ती डायरी द्या मला. त्या पोरीनं फोटो काढलेत, पण मूळ वही नसेल तर त्याला अर्थ नाही. तुमच्याच भल्याचं सांगतो. सह्या तुमच्या आहेत प्रत्येक पाचाखाली."

"फेब्रुवारीत तो माल परत घ्यायचा होता ना कंपनीला? दुसऱ्या राज्यातून काढलेला?"

शेठनं सफरचंदाची पिशवी उगाच इकडची तिकडं सरकवली. वाईट माणूस नाही हो तो, एवढं मी अजूनही म्हणेन. खालच्या आवाजात म्हणाले, "कंपनीनं मला विचारलं होतं. तुमच्याकडंही काही होतंय का, माल नष्ट करायचा का? मी काय करणार? मी तुमचे पाच दाखवले, बाबा."

डायरी दिली नाही. ती मी प्लॅस्टरखाली दाबून धरली होती. शेठ गेले. सफरचंदं ज्ञानेश्वरीनं त्यांच्यामागं जिन्यावर नेऊन परत दिली. मी तिला सांगितलं नव्हतं.

दिवसभर वाडीतला एकही फोन लागला नाही. मुंजाबाचा बटणांचा फोन खानदेशात कुठल्या रानात आहे कोण जाणे, रेंजच्या बाहेर. शिवशंकरची रात्रपाळी, सुट्टी मागायला त्याच्याकडं फोनही नाही. सकाळी कामावरून आला की त्याला तसाच पाठवतो.


२० एप्रिल

शिवशंकर सात वाजता मोटरसायकलवर निघाला, डोळ्याला डोळा न लागलेला. एकशे पाच किलोमीटर. दहापर्यंत पोचला असेल. आता साडेतीन वाजलेत. त्याच्याजवळ फोन नाही. तिथं कोणाजवळ चालू फोन नाही. आयुष्यभर मी खांब रोवले, की माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचावा. आणि परवा दुपारी एका खाटेवर बसून माझ्याच वाडीचा आवाज एकेक करून मीच बंद केला.

अरफानं पोस्टातून चारशे कार्डं आणली आहेत. ऑफिसातल्या कागदांवरून तिनं उतरवून आणलेले पत्ते ती आणि ज्ञानेश्वरी घालतायत, मी मजकूर लिहितोय. माझ्या कागदावर ज्यांचे ज्यांचे पाच होते त्या प्रत्येकाला. बोट दुखतंय, पण कार्डावर "बरं हाय, ठेव" म्हणून कोणी मध्येच ठेवू शकत नाही.

पहिलं कार्ड मी सकाळी शिवशंकरच्या खिशात घातलं. तो तिथं गेला की "कसं काय, बरं ना?" विचारणार, आक्का "बरं" म्हणणार आणि हा चहा पिऊन परत येणार. आमच्या घराण्याची रीतच ती. म्हणून त्याला म्हटलं, तू काही विचारू नकोस, हे कार्ड सांडूभाऊला दे, तो मोठ्यानं वाचेल. त्याची नक्कल इथं करून ठेवतो:

"आक्का, ह्या वेळी तुझा गुडघा विचारत नाही. आवडाबाई, सृष्टी, चांदी, कोणाचंच विचारत नाही. रागावू नकोस. परवा तू बरं म्हणालीस ते खरं बरं होतं का माझ्यासाठीचं बरं होतं, हे मला ह्या वयात कळेनासं झालं आहे. तू बॅटरी काढलीस का? कधी काढलीस, गाणं संपायच्या आधी का नंतर? आता ती कुठं आहे? कडबा कुठं आहे? मला पाच देऊ नकोस. एक दे, काहीच देऊ नकोस, शिव्या दे, पण खरं दे. सांडूभाऊ, हिनं बरं आहे असं सांगितलं तर ते लिहू नका. उंबऱ्याच्या आत जाऊन आपल्या डोळ्यांनी जे दिसेल तेच लिहा, वाईट असलं तरी तसंच लिहा, आणि कार्ड शिवाच्या हाती द्या. तो दारात उभा आहे, मी इथं जिन्याकडं तोंड करून बसलो आहे. लवकर लिहा."